शाळा व्यवस्थापन समितीत नव्याने निवडून आलेल्या पालकांसाठी: एकही मूल बाजूला पडू नये म्हणून काय करावे

पुणे महापालिकेच्या एका प्राथमिक शाळेच्या व्यवस्थापन समितीवर मी सलग दोन मुदती, म्हणजे चार वर्षे, पालक सदस्य होते आणि त्यांपैकी शेवटची दोन वर्षे अध्यक्ष होते. पोटापाण्यासाठी मी मार्केट यार्डाच्या भुसार विभागातील एका पेढीवर हिशेब लिहिते. निवड झाली त्या दिवशी गुलाबाचे फूल आणि चहा मिळाला. पुढे काय करायचे, हे मात्र कोणी सांगितले नाही. पहिले सहा महिने मी शिपाई वही घेऊन घरी येत असे तेव्हा त्याने बोट ठेवलेल्या जागी सह्या केल्या. हा लेख त्या सहा महिन्यांतून तुमची सुटका व्हावी म्हणून लिहीत आहे.

समता आणि समावेशन हे शब्द तुम्हाला प्रशिक्षणात पुष्कळ वेळा ऐकायला मिळतील. माझा अनुभव असा, की शाळेत मूल बाजूला पडते तेव्हा त्यामागे कोणाचा दुष्टावा क्वचितच असतो. बहुधा त्या मुलाची अडचण कोठेच लिहिलेली नसते आणि जे लिहिलेले नाही ते शाळेच्या हिशेबात येत नाही. शिक्षकांवर माहिती भरण्याचा इतका बोजा असतो, की जो रकाना नाही त्यातले मूल त्यांना दिसणार तरी कसे? म्हणून पुढच्या बहुतेक पायऱ्या वही, पट, मोजपट्टी आणि इतिवृत्त यांच्याशी निगडित आहेत. भाषणांचा उपयोग मला फारसा आढळला नाही.

एक मर्यादा आधीच सांगते. शाळा व्यवस्थापन समितीची तरतूद शिक्षण हक्क कायदा २००९ च्या कलम २१ मध्ये आहे आणि ती शासकीय, स्थानिक स्वराज्य संस्थांच्या व अनुदानित शाळांना लागू होते. अनुदानित आणि अल्पसंख्याक शाळांत समितीचे काम सल्लागाराचे असते. तुमचे मूल खासगी विनाअनुदानित शाळेत असेल, तर तेथे पालक-शिक्षक संघ असतो आणि त्याचे अधिकार वेगळे आहेत. तरीही पायरी ३, ५, ६ आणि ७ तेथेही जशाच्या तशा उपयोगी पडतील, विशेषतः पंचवीस टक्के राखीव जागांवर आलेल्या मुलांच्या बाबतीत.

हाताशी काय असावे

- शिक्षण हक्क कायद्याची मराठी प्रत; निदान कलमे ४, ५, १४, १७, २१, २२ आणि ३२
- समितीच्या रचनेविषयीचा सध्या लागू असलेला शासन निर्णय. रचनेत अधूनमधून बदल होतात, म्हणून मुख्याध्यापकांकडून चालू निर्णयाचीच प्रत मागून घ्यावी
- मागील दोन वर्षांची इतिवृत्त पुस्तके आणि मंजूर शाळा विकास आराखडा
- समितीच्या बँक खात्याचे पासबुक आणि खर्चाची पावती-फाइल
- दोनशे पानी वही, मोजपट्टी आणि फाइल
- शक्य असल्यास प्रत्येक वस्तीतील एका ओळखीच्या आईचा फोन क्रमांक. सगळ्या कागदांपेक्षा हा अधिक कामास आला

१. समितीत कोण नाही, ते आधी पाहा

कायद्यानुसार समितीत किमान ७५ टक्के सदस्य पालक असावे लागतात, एकूण सदस्यांत निम्म्या स्त्रिया असाव्या लागतात आणि वंचित गटातील व दुर्बल घटकातील बालकांच्या पालकांना त्यांच्या प्रमाणात प्रतिनिधित्व द्यावे लागते. मुख्याध्यापक हे सदस्य सचिव असतात आणि अध्यक्ष पालकांमधूनच निवडला जातो. यांपैकी पहिल्या दोन अटी बहुतेक शाळा पाळतात, कारण त्या मोजायला सोप्या आहेत. तिसरी मात्र कागदावर पाळली जाते. आमच्या समितीत जातीच्या रकान्याप्रमाणे सगळे ठाकठीक होते, पण बांधकामावर राहणाऱ्या कुटुंबांतील एकही पालक नव्हता, कचरा वेचणाऱ्या बायांपैकी कोणी नव्हते आणि दिव्यांग मुलाचे पालकही नव्हते. शाळेतील जवळजवळ चौथा हिस्सा मुले मात्र याच घरांतील होती.

तुम्ही निवडून आल्यानंतर ही यादी बदलता येत नाही, असे तुम्हाला सांगितले जाईल. जागा रिकामी होईपर्यंत ते खरेही आहे; परंतु सभेला निमंत्रित म्हणून कोणाला बोलावण्यास कसलीच हरकत नसते. आम्ही प्रत्येक सभेला दोन निमंत्रित पालक बोलावू लागलो आणि त्यांची नावे उपस्थितीत लिहू लागलो. पुढच्या निवडणुकीत त्यांतील एक आई सदस्य झाली.

येथे होणारी चूक अशी, की निमंत्रितांना बोलावले जाते आणि सभेत त्यांच्याकडे कोणी वळत नाही. पहिल्या सभेला आलेल्या दोघी जणी खुर्च्या रिकाम्या असताना दाराशी जमिनीवर बसल्या आणि मला ते सभा संपल्यावर लक्षात आले. तेव्हापासून आम्ही सगळेच सतरंजीवर गोलाकार बसू लागलो. मुख्याध्यापकांना सुरुवातीला ते अवघड गेले, गुडघ्यांमुळेही गेले असावे.

२. सभेची वेळ मजुरीशी जुळवून घ्या

सभा महिन्यातून एकदा घ्यावी लागते आणि ती सामान्यतः सकाळी अकराला ठेवली जाते. रोजंदारीवर असणाऱ्या माणसाचा त्यात अर्धा दिवस, म्हणजे व्यवहारात पूर्ण रोज बुडतो. मजूर अड्ड्यावरून नऊच्या आत काम मिळाले नाही तर दिवस गेलाच. पालक उदासीन आहेत, असा शेरा मारण्यापूर्वी हा हिशेब करून पाहावा. आमच्या भागातील गवंडी आणि बिगारी अमावास्येला काम बंद ठेवतात, म्हणून दर दुसरी सभा आम्ही अमावास्येच्या आसपास ठेवली. बाकीच्या सभा संध्याकाळी साडेसहाला. शिक्षकांना उशिरा थांबणे कठीण जाते ही गोष्ट खरी आहे, तेव्हा संध्याकाळच्या सभेला सगळ्या शिक्षकांचा आग्रह धरू नये. मुख्याध्यापक आणि एक शिक्षक प्रतिनिधी पुरेसे होतात.

३. पटावर कोण आहे आणि वर्गात कोण आहे, हे ताडून पाहा

सगळ्यांत जास्त वेळ मी याच कामाला दिला आणि तुम्हीही द्यावा, असे मला वाटते. मुख्याध्यापकांच्या परवानगीने प्रत्येक वर्गाचा हजेरीपट घेऊन बसा. वही उघडून चार रकाने आखा: मुलाचा पट क्रमांक, राहण्याचे ठिकाण, मागील महिन्यातील उपस्थितीचे दिवस आणि सलग गैरहजेरी. नावे या वहीत लिहू नका, क्रमांकच लिहा. त्याचे कारण पायरी ७ मध्ये येईल.

हजेरीपट वाचताना दोन गोष्टी डोळ्यांत भरतात. पहिली, उशिरा दाखल झालेली मुले नेहमी यादीच्या तळाशी असतात, आणि हजेरी घेताना तास सुरू करण्याच्या घाईत तळाची चार-पाच नावे भरभर उरकली जातात. दुसरी, सलग गैरहजर असलेल्या मुलाच्या पुढे काही दिवसांनी हजेरीच्या खुणा पुन्हा दिसू लागतात, मूल मात्र आलेले नसते. पट घटला तर संच मान्यतेत, म्हणजे पटावरून शिक्षकांची पदे ठरवली जातात तेव्हा, शिक्षकाचे पद जाते, ही भीती त्यामागे असते. तुम्ही तेथे पोलिसासारखे वागलात, तर पुढच्या वेळी पट हाती लागणार नाही. मी मुख्याध्यापकांना एवढेच म्हटले, की खोटी हजेरी पदही वाचवणार नाही आणि मूलही आणणार नाही. मूल शोधून आणू, मग दोन्ही वाचतील.

प्रवेश घेतल्यानंतर सलग एक महिन्याहून अधिक काळ गैरहजर राहिलेले मूल आपल्या राज्यात शाळाबाह्य गणले जाते. म्हणजे वाट पाहण्यास तीस दिवस आहेत, परंतु तुम्ही तीस दिवस थांबू नका. आम्ही सात दिवसांची मर्यादा ठरवली: सलग सात दिवस मूल आले नाही, की त्या वस्तीतील सदस्याने घरी जाऊन यायचे. गेल्यावर काय आढळते, ते वहीत एका ओळीत लिहायचे. एका वर्षाच्या ओळी वाचल्यावर कारणे ठरावीकच निघाली: धाकट्या भावंडाला सांभाळण्यासाठी घरी ठेवलेली मुलगी, काम संपल्यामुळे नऱ्ह्याहून वाघोलीला किंवा चाकणकडे हललेले कुटुंब, दिवाळीनंतर ऊसतोडीला गेलेले आईवडील, आणि पाळी सुरू झाल्यावर शाळेच्या स्वच्छतागृहात पाणी नाही म्हणून महिन्यातून चार दिवस न येणारी सहावी-सातवीतील मुलगी.

हललेल्या कुटुंबांसाठी एक कागद महत्त्वाचा आहे, तो म्हणजे शिक्षण हमी पत्रक. स्थलांतर करणाऱ्या मुलाला शाळेने ते द्यावे, म्हणजे नव्या ठिकाणच्या शाळेत त्याला त्याच इयत्तेत बसता येते. कुटुंब निघाल्यानंतर ते देण्यात अर्थ उरत नाही. इमारतीचा शेवटचा स्लॅब पडला, की मुकादमाकडे चौकशी करावी आणि पत्रके तयार ठेवावीत. पुण्यात बांधकामांवरील मुलांसाठी काम करणाऱ्या डोअर स्टेप स्कूलसारख्या संस्था आहेत. तुमच्या भागात अशी संस्था असेल, तर तिच्याकडील वस्तीची यादी आणि शाळेचा पट वर्षातून दोनदा समोरासमोर ठेवून पाहावा.

४. दारात अडवणारे कागद कोणते, ते पाठ करून ठेवा

जून महिन्यात शाळेच्या कार्यालयात तासभर बसून राहा. "दाखला आणा, मग बघू" हे वाक्य तुम्हाला ऐकू येईलच. लिपिकाशी वाद घालण्याऐवजी पुढील तरतुदी मोठ्या अक्षरांत लिहून कार्यालयाच्या भिंतीवर लावून घ्याव्यात.

जन्माचा दाखला नसल्यामुळे प्रवेश नाकारता येत नाही (कलम १४). रुग्णालयातील किंवा परिचारिकेच्या नोंदवहीतील नोंद, अंगणवाडीतील नोंद, आणि त्याही नसल्यास पालकांचे लेखी निवेदन वयासाठी चालते. आधीच्या शाळेचा दाखला यायला उशीर होतो म्हणूनही प्रवेश रोखता येत नाही (कलम ५). आधार कार्डाविषयी सर्वोच्च न्यायालयाने २६ सप्टेंबर २०१८ च्या निकालात स्पष्ट केले आहे, की शाळाप्रवेशासाठी ते सक्तीचे करता येणार नाही. मात्र शासनाच्या संगणक प्रणालीत आधार नसलेले मूल संच मान्यतेत मोजताना अडचण येते आणि शाळेची खरी धास्ती तीच असते. म्हणून मूल आधी वर्गात बसवावे आणि आधार नोंदणीसाठी समितीने नंतर आईसोबत केंद्रावर जावे, हा तोडगा दोघांनाही पटतो.

कधीच शाळेत न गेलेले दहा वर्षांचे मूल आले, तर त्याला पहिलीत बसवायचे नाही. कलम ४ प्रमाणे त्याला वयानुरूप इयत्तेत दाखल करावे लागते आणि बरोबरीला येण्यासाठी विशेष प्रशिक्षण द्यावे लागते. केंद्राच्या नियमांत या प्रशिक्षणाची मुदत किमान तीन महिने आणि जास्तीत जास्त दोन वर्षे आहे. व्यवहारात मुलाला पाचवीत बसवले जाते आणि प्रशिक्षण मिळत नाही. असे मूल तीन आठवड्यांत शाळा सोडते. प्रवेशाच्याच दिवशी त्याला रोज कोण, कोणत्या वेळी, किती वेळ शिकवणार, हे लिहून घ्यावे.

५. घरची भाषा लिहून घ्या

प्रवेश अर्जात मातृभाषेचा रकाना असतो आणि तेथे बहुधा सरसकट 'मराठी' भरलेले असते. आमच्या शाळेतील पटाप्रमाणे ९० टक्क्यांहून अधिक मुले मराठी होती; घरोघर जाऊन विचारल्यावर कन्नड, तेलुगू, हिंदी, वडारी आणि पारधी या भाषा निघाल्या.

याने काय फरक पडतो, ते एका प्रसंगावरून सांगते. कलबुर्गीकडून आलेल्या एका बिगाऱ्याची मुलगी दुसरीत दाखल झाली. जेवणाच्या सुट्टीत खिचडी वाढणाऱ्या ताईंनी आणखी एक डाव पुढे केला, तेव्हा मुलगी ताटावर हात धरून "बेडा, बेडा" म्हणाली. कन्नडमध्ये त्याचा अर्थ 'नको'. ताईंना ते 'पेढा' ऐकू आले आणि त्या हसून म्हणाल्या, "अगं, इथे पेढा कुठला मिळायला?" पंगत हसली, खिचडी ताटात पडली आणि पुढचे चार दिवस ती मुलगी जेवणाच्या रांगेत उभीच राहिली नाही. ताई मनाने अतिशय चांगल्या आहेत; त्यांना नंतर कळले तेव्हा त्याच जास्त कानकोंड्या झाल्या.

त्यानंतर आम्ही त्या मुलीच्या मावशीकडून वीस शब्द लिहून घेतले: पाणी, भूक, नको, पुरे, दुखते, समजले नाही, शू लागली, आणि असेच. देवनागरीत लिहिलेला तो कागद दुसरीच्या वर्गात आणि स्वयंपाकघरात लावला. हिंदी येणाऱ्या शिक्षकांना वाटते, की परप्रांतीय मुलांशी हिंदीत बोलले म्हणजे काम झाले; कलबुर्गीच्या सात वर्षांच्या मुलीला हिंदीही मराठीइतकीच परकी असते. शिवाय पारधी किंवा वडारी बोलणारे मूल आपल्याच राज्यातील असते, त्यामुळे त्याला भाषेची अडचण आहे, हे कोणाच्या मनातही येत नाही. त्याला मंद ठरवले जाते. पहिलीतील मूल दोन महिन्यांनंतरही गप्प असेल, तर आधी घरची भाषा विचारावी आणि मग इतर काही ठरवावे.

६. दिव्यांग मुलांसाठी मोजपट्टी घेऊन शाळेत फिरा

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ मध्ये दिव्यांगत्वाचे २१ प्रकार दिलेले आहेत आणि ४० टक्के किंवा अधिक दिव्यांगत्व असलेल्या ६ ते १८ वयोगटातील मुलांना जवळच्या नियमित शाळेत किंवा त्यांच्या पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिक्षणाचा हक्क आहे. "याच्यासाठी विशेष शाळा बघा" असे पालकांना सुचवणे वेगळे आणि त्या सबबीवर प्रवेश नाकारणे वेगळे. निवड पालकांची आहे, शाळेची नव्हे.

आता मोजपट्टीकडे वळू. आमच्या शाळेत चाकाच्या खुर्चीसाठी उतरंड, म्हणजे रॅम्प, होती. शाळेच्या माहितीपत्रकात त्यापुढे 'होय' असे लिहिलेले होते. व्हरांड्याला तीन पायऱ्या, प्रत्येकी साधारण १५ सेंटीमीटर, म्हणजे एकूण उंची ४५ सेंटीमीटर. उतार १ : १२ असावा लागतो, म्हणजे ४५ सेंटीमीटर चढण्यासाठी उतरंडीची लांबी ५ मीटर ४० सेंटीमीटर हवी. मी मोजली तेव्हा ती जेमतेम २ मीटर भरली. त्या उतारावरून चाकाची खुर्ची वर नेण्यासाठी दोन माणसे लागत आणि खाली आणताना देवाचे नाव घ्यावे लागे. शेजारी कठडा नव्हता. स्वच्छतागृहाचे दार ९० सेंटीमीटर रुंद हवे, ते ७० होते. शिवाय त्याला कुलूप होते आणि आत खराटे, फुटके बाक आणि गणेशोत्सवाची मखर ठेवलेली होती. या दोन मापांचा कागद आणि तीन छायाचित्रे जोडून अर्ज दिल्यावर नवी उतरंड व्हायला सात महिने लागले. त्याआधी नुसत्या तोंडी मागणीत दोन वर्षे गेली होती.

दिव्यांगत्वाच्या प्रमाणपत्रासाठी यूडीआयडीच्या, म्हणजे दिव्यांगांच्या ओळखपत्राच्या, संकेतस्थळावर अर्ज करावा लागतो आणि नंतर तपासणीसाठी रुग्णालयात जावे लागते. पुण्यात ससून सर्वोपचार रुग्णालय आणि औंधचे जिल्हा रुग्णालय येथे ही सोय आहे. मुलाची छायाचित्रे, पत्त्याचा पुरावा, ओळखीचा पुरावा आणि आधीचे वैद्यकीय कागद सोबत न्यावेत. एका फेरीत काम होईल, असे पालकांना सांगू नका. त्या दिवशी आईबरोबर समितीचे कोणी तरी गेले, तर रांगेत मूल सांभाळायला माणूस मिळतो आणि दुसरी फेरीही होते. आई एकटी गेली, तर बहुधा दुसरी फेरी होतच नाही.

एक गैरसमज मात्र दूर करायला हवा. प्रमाणपत्र सवलती, साहित्य आणि पुढे दहावीच्या परीक्षेतील जादा वेळ किंवा लेखनिक यांसाठी लागते. मुलाला पहिल्या बाकावर बसवणे, फळ्यावर मोठे अक्षर काढणे, तोंडी उत्तर स्वीकारणे, वर्ग तळमजल्यावर आणणे यांसाठी कोणतेही प्रमाणपत्र लागत नाही. चौथीतील एका मुलाचा वर्ग दुसऱ्या मजल्यावर होता आणि वडील त्याला रोज पाठुंगळीवर नेत होते. चौथी आणि दुसरी या वर्गांच्या खोल्यांची अदलाबदल करण्यास एक शनिवार आणि चार माणसे पुरली.

समग्र शिक्षा अभियान या शासकीय योजनेतून विशेष शिक्षक शाळांना भेटी देतात. ते कोणत्या दिवशी येतात हे पालकांना माहीत नसते, म्हणून तारीख फलकावर लिहिण्यास सांगावे. ज्यांना शिक्षक घरी जाऊन शिकवतात, अशा तीव्र दिव्यांग मुलांनाही शाळेच्या स्नेहसंमेलनाला आणि सहलीला बोलावणे गेले पाहिजे. ती मुले याच शाळेच्या पटावर असतात, याचा वर्गातील बाकीच्यांना पत्ताच नसतो.

७. सवलती चारचौघांत वाटू नका

ही पायरी मी माझ्या चुकीमुळे लिहीत आहे. शिष्यवृत्तीचे अर्ज भरायचे राहिले होते, म्हणून पालकसभेत मी यादी मोठ्याने वाचून दाखवली: साफसफाई व आरोग्यास धोका असलेल्या व्यवसायांतील पालकांच्या मुलांसाठीची मॅट्रिकपूर्व शिष्यवृत्ती, आणि त्यापुढे सहा नावे. या शिष्यवृत्तीला जातीची किंवा उत्पन्नाची अट नाही आणि कचरा वेचणाऱ्यांची मुले तिला पात्र आहेत, ही चांगली बातमी आपण देत आहोत, अशा आनंदात मी होते. त्या सहांपैकी एका आईने आपण काय काम करतो, हे शेजारपाजारी सांगितलेले नव्हते. ती पुन्हा सभेला आली नाही. दुसऱ्या दिवशी वर्गात मुलाला काय ऐकावे लागले, ते मला महिन्याने कळले.

तेव्हा पुढील सवयी लावून घ्या. वर्गात "सवलतीवाले उभे राहा" असे कोणी म्हणत असेल, तर ते तत्काळ थांबवायला सांगावे. चिठ्ठ्या बंद पाकिटात आणि सर्व मुलांच्या हाती द्याव्यात, म्हणजे कोणाच्या पाकिटात काय आहे ते दिसत नाही. जात आणि व्यवसाय यांची माहिती पालकांकडून एकेकट्याने, शक्यतो दाखल्यावरूनच घ्यावी. तुमच्या वहीत पट क्रमांकच का असावेत, तेही आता ध्यानात आले असेल.

याच संदर्भात पोषण आहाराच्या पंगतीत महिन्यातून दोनदा, न सांगता, मुलांसोबत जेवायला बसावे. कोण कोणाशेजारी बसते, वाढायला कोणाला बोलावतात, ताटे घासायला आणि वर्ग झाडायला कोणाची पाळी पुन्हा पुन्हा येते, हे अर्ध्या तासात कळते. आढळलेली गोष्ट तेथेच चव्हाट्यावर आणू नका. झाडण्याची पाळी पट क्रमांकाने लावली, मुले-मुली दोघांनाही दिली आणि तक्ता भिंतीवर लावला, तर वाद न होता प्रश्न सुटतो.

८. सगळे काही इतिवृत्तात आणि आराखड्यात आणा

सभेत झालेले बोलणे इतिवृत्तात नसेल, तर ते झालेच नाही असे समजा. प्रत्येक ठरावात काम, जबाबदार व्यक्ती आणि तारीख असावी. "दिव्यांग विद्यार्थ्यांविषयी चर्चा करण्यात आली" हे वाक्य कोणत्याही कामाचे नाही. सह्या सभेतच, वाचून घेऊनच कराव्यात. कोऱ्या पानावर सही मागितली गेली, तर नम्रपणे नाही म्हणावे. मी सहा महिने तसे म्हटले नाही आणि नंतर दोन ठराव माझ्या सहीचे निघाले, जे मी ऐकलेही नव्हते.

कलम २२ प्रमाणे समितीने शाळा विकास आराखडा करायचा असतो. तो तीन वर्षांचा असतो आणि त्यात प्रत्येक वर्षाचा उपआराखडा असतो. मार्चमध्ये घाईने मागच्या वर्षीचा आराखडा तारीख बदलून पाठवण्याची प्रथा आहे. तुम्ही दिवाळीनंतर लगेच बसा आणि पायरी ३ ते ६ मधून निघालेल्या मागण्या मापांसह त्यात लिहा.

खर्चाबाबत: समग्र शिक्षेतून शाळेला पटसंख्येप्रमाणे संयुक्त अनुदान मिळते. पट १०१ ते २५० असेल तर ५०,००० रुपये आणि २५१ ते १००० असेल तर ७५,००० रुपये, असे त्याचे टप्पे आहेत. पैसे हप्त्यांनी आणि पुष्कळदा उशिरा येतात. त्यातील किमान दहा टक्के रक्कम स्वच्छतेवर खर्च करावी लागते. मुलींच्या स्वच्छतागृहातील नळ, आतून लागणारी कडी आणि झाकणाची कचरापेटी आम्ही त्याच रकमेतून केली. रंगरंगोटीचा आग्रह फार होतो, कारण भेटीला येणाऱ्या अधिकाऱ्यांना भिंती दिसतात. कडी कोणी पाहत नाही.

९. ऐकले गेले नाही तर

सुरुवात नेहमी मुख्याध्यापकांकडे लेखी अर्जाने करावी आणि दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांकासह पोच घ्यावी. पंधरा दिवसांत काही झाले नाही, तर त्याच अर्जाची प्रत पर्यवेक्षकांना आणि महापालिकेच्या प्राथमिक शिक्षण विभागाला द्यावी. कलम ३२ खाली स्थानिक प्राधिकरणाकडे, म्हणजे येथे महापालिकेकडे, तक्रार केल्यास तिने दोन्ही बाजूंना ऐकून तीन महिन्यांत निर्णय द्यायचा असतो, आणि तो मान्य नसल्यास राज्य बालहक्क संरक्षण आयोगाकडे अपील करता येते. दिव्यांगांच्या बाबतीत राज्याचे दिव्यांग कल्याण आयुक्तालय पुण्यातच आहे, ही आपली सोय. मुलाला मारहाण किंवा मानसिक छळ झाला असेल, तर कलम १७ चा उल्लेख अर्जात अवश्य करावा. लैंगिक अत्याचाराचा संशय असेल, तर मात्र यांपैकी कोणतीही पायरी चढत बसू नये. समितीत चर्चाही न करता १०९८ या बालकांसाठीच्या हेल्पलाइनवर किंवा पोलिसांत थेट कळवावे, कारण अशी माहिती दडवणे हा २०१२ च्या पोक्सो कायद्याखाली गुन्हा आहे.

तक्रार करणाऱ्या पालकाचे नाव पुढे येऊ नये म्हणून अर्ज समितीच्या नावाने द्यावा. ज्याचे मूल त्याच शाळेत बसते, त्याला एकट्याला पुढे करणे बरे नव्हे.

१०. मुदत संपण्याच्या आधी

समितीची मुदत दोन वर्षांची असते आणि नवी समिती आली, की बहुतेक कामे पुन्हा पहिल्यापासून सुरू होतात. म्हणून शेवटच्या दोन महिन्यांत एक फाइल तयार करा: अपूर्ण ठरावांची यादी, दिलेल्या अर्जांच्या पोचपावत्या, सात दिवसांच्या गैरहजेरीची वही, वीस शब्दांचा कागद, उतरंडीची मापे, वस्तीतील आयांचे फोन क्रमांक त्यांना विचारूनच, आणि कोणत्या महिन्यात कोणता अर्ज भरायचा त्याचे एक पान. ती फाइल मुख्याध्यापकांच्या कपाटात ठेवून मोकळे होऊ नका. नव्या अध्यक्षांना शाळेत बोलवा, सोबत एक फेरी मारा आणि प्रत्येक कागद कशासाठी आहे ते त्या त्या जागी उभे राहून सांगा. आमच्याकडे दिव्यांगांच्या स्वच्छतागृहाची किल्ली पूर्वी कार्यालयाच्या ड्रॉवरमध्ये असे आणि शिपाई रजेवर असला, की मिळत नसे. आता ते कुलूप काढून टाकले आहे. मखर ठेवायला जागा नाही म्हणून गणेशोत्सवानंतर ते परत लावले जाते, तेव्हा नव्या अध्यक्षांनी अनंत चतुर्दशीच्या दुसऱ्या दिवशी तेथे जाऊन पाहावे.